पंधराव्या मिनिटाला

क्लाक्सविकमध्ये कुणी कुणाला नाव विचारत नाही.
बेकरीतली मार्यून माझा पाव आधीच बांधून ठेवते,
बंदरावरचे म्हातारे माझ्या नुसत्या चालीवरून
माझ्या आजोबांचं बेट सांगतात.

आमचा सर्व्हर मात्र जन्माचा विसरभोळा.
पान मागितलं, दिलं, विसरला.
पुढचं मागायला जा, पुन्हा
ओळख ना पाळख.
म्हणून दाराच्या आणि त्याच्या मध्ये
मी माझ्या ओळी बसवल्यात:
येणाऱ्याच्या हातातला बिल्ला पाहायचा,
त्यावरची सही आपलीच का, हे ताडायचं,
वहीत नंबर शोधायचा
आणि आत हळूच सांगायचं,
हा मघाचाच.

लॉगिन झाल्याझाल्या जुना बिल्ला काढून घेते,
नवा देते. वाटेत कुणी नक्कल केली असेल
तर बसू दे हात चोळत.
आणि पंधरा मिनिटं काहीच हाललं नाही
की वहीतली ओळ पुसते.
नगरपालिकेच्या कामाला एवढं पुरतं.

पुरत होतं.
नोव्हेंबरात लॉग चाळताना दिसलं:
रोज रात्री नऊ चाळीसच्या सुमारास कुणीतरी येतं,
एकच अर्ज उघडतं,
नाव कमी करण्याचा.
पहिलं पान भरभर: होडीची लांबी, नंबर, बांधणीचं साल.
दुसरं, तिसरं.
चौथ्यावर एकच चौकट. कारण.
तिथे पंधरा मिनिटं.
मग माझा शब्द, मीच लिहिलेला: कालबाह्य.
दुसऱ्या रात्री ये रे माझ्या मागल्या,
होडीची लांबी, नंबर, बांधणीचं साल.
अकरा रात्री.
बिल्ला रोज नवा, सवय तीच.

मी ह्यालग्रिमला म्हटलं, तासभर करू या.
तो म्हणाला, वाचनालयातला कॉम्प्युटर आठव.
एक उठतो, दुसरा त्याच ऊबदार खुर्चीत बसतो.
बरोबर होतं त्याचं. राग आला तरी बरोबर होतं.
मग मी म्हटलं, निदान प्रत्येक कळ दाबली की
घड्याळ मागे सारू.
सारलं.
त्या रात्री चौथ्या पानावर
एकही कळ दाबली गेली नाही.
बोट हाललं नाही
की माझ्या ओळींच्या लेखी समोर माणूसच नसतो.

एक क्वेरी लिहिली असती
तर नाव आलं असतं पडद्यावर,
आणि पाच हजारांच्या या गावात
नावाबरोबर घर, घराबरोबर कुत्रा,
आणि गेल्या हिवाळ्यात कोण गेलं तेही.
बोटं कळांवर ठेवली.
उचलली.
कॉफी गार झाली होती, ती तशीच प्यायले.

शेवटी केलं ते साधंच.
वेळ तीच ठेवली, पंधरा.
पण ओळ पुसण्याआधी लिहिलेलं बाजूला काढून ठेवायचं,
मालकाच्या खात्यात, कुलपाआड,
आणि तो परत आला की
पहिल्या पानाशी न उभा करता
जिथं बसला होता तिथं नेऊन बसवायचं.

शुक्रवार. नऊ एक्केचाळीस, आत.
दहा चार, कालबाह्य.
दहा सहा, पुन्हा आत, थेट चौथं पान.
दहा एकवीस, कालबाह्य.
दहा बावीस, आत.
दहा एकतीस, अर्ज दाखल.
दहा बत्तीस, बाहेर.

इथं ते बटण कुणी दाबत नाही.
सगळे खिडकी मिटतात आणि जातात,
आपापल्या घरांची दारं टाकतात तशी
उघडी टाकून.
यानं दाबलं.
माझ्या ओळींनी वहीतला नंबर खोडला,
बिल्ला रद्द केला,
आणि सर्व्हर विसरला, नेहमीसारखा.

शनिवारी बेकरीत रांग होती, सहाजण.
कुणाच्या तरी हातमोज्यांना डांबराचा वास.
मार्यूननं माझा पाव पुढे सरकवला, न विचारता.
कुणाच्याही हातांकडे पाहायचं नाही
असं ठरवून मी
पावाकडेच पाहत राहिले.